चार अक्षरांच्या खाली

भोजराज घाटोळांच्या धर्मकाट्यावर
संत्र्यांचे सात ट्रक उभे,
आणि खोलीतलं कॉम्प्युटर
सकाळपासून तिसऱ्यांदा मान टाकून बसलेलं.
"तू पॉलिटेक्निकवाली ना," ते म्हणाले,
"पाय बरं आतमंदी काय हाय."

आत एकच फाइल, काटा नावाची,
पंधरा वर्षं वजन करणारी.
सोर्स नाही.
ज्यानं लिहिली तो हेमराज कुबडे
सुरतेला गेला म्हणतात, कोणी म्हणतं रायपूरला.
त्याचा जुना डबा
वरुडच्या भंगारात किलोवर गेला,
बहुतेक याच काट्यावर मोजून.

मग मी सी उघडलं.
चाळीस ओळीही झाल्या नाहीत:
फाइल बायनरी म्हणून उघड,
एकेक बाइट घे,
छापण्याजोगा असेल तर ओंजळीत ठेव,
नसेल तर ओंजळीत किती जमले ते बघ.
चार किंवा जास्त, तर छाप.
कमी, तर सांडून दे.
पलीकडच्या शेडमध्ये बाया हेच करतात,
अंगठा आणि तर्जनीच्या मापानं.
बारीक फळ क्रेटमध्ये जात नाही.

पहिलं वाक्य निघालं:
हा प्रोग्राम डॉसमध्ये चालणार नाही.
ते सगळ्याच फाइलींत असतं,
चौकटीवरच्या शुभ-लाभासारखं.
मग लायब्ऱ्यांची नावं, लांबच लांब,
आणि मग अचानक हेमराज,
इंग्रजी अक्षरांत त्याची वऱ्हाडी:

गाडी मांगं घ्या
वजन हालून राह्यलं, थांबा
कागद सरला
भाऊ, काट्यावरून उतरा

आणि एक, जे भोजराजनीही कधी पाहिलं नव्हतं:
इथलोक कसा आला बे तू?

मी एकटीच हसले.
माहीत आहे ती जागा.
सगळ्या अटी लिहून झाल्यावर
शेवटी एक एल्स उरतो,
जिथं कोणी पोचूच शकत नाही,
आणि रात्रीचे दोन वाजलेले असतात.

घरी नेली फाइल, पेन ड्राइव्हवर.
तिचे पहिले दोन बाइट: एम, झेड.
कुण्या माणसाची आद्याक्षरं,
अशा प्रत्येक फाइलीच्या कपाळावर गोंदलेली,
आणि माझ्या चाळणीतून मुकाट गळालेली.
म्हणून चाराचे तीन केले.

कचरा आला, पोत्यानं.
तीन अक्षरांचा योगायोग फार स्वस्त.
वाचत गेले तरीही,
आणि मध्येच कुठंतरी
यू, एम, ए.

सकाळी भोजराजना विचारलं.
ते पावती फाडत होते.
"उमा? होती ना."
"बहीण?"
"नाय," म्हणाले,
आणि पुढच्या ट्रकला हात केला.

पण यू म्हणजे, सोळाच्या हिशेबात, पंचावन्न.
फंक्शनच्या उंबऱ्यावर
प्रोसेसरनं टाकलेलं पहिलं पाऊल.
या फाइलीत चारशे बारा यू आहेत, मी मोजले.
त्यातल्या एकामागं एम आणि ए यायला
कोणाचं काही असावं लागत नाही.
ती जागा कोडमधली की डेटामधली,
उलगडून पाहिलं की कळेल,
पाच मिनिटांचं काम.
अजून केलं नाही.

नवा प्रोग्राम परवापासून चालू आहे.
वजन बरोबर येतं, दहा किलोच्या आत.
हेमराजची वाक्यं होती तशी ठेवली,
तो एल्ससुद्धा, त्यातल्या 'बे'सकट.
माझं नाव मात्र कुठं घातलं नाही.
वैजू, इंग्रजीत पाच अक्षरं.
कोणाच्याही चाळणीत
सरळ वर राहिलं असतं.